किलिमांजारो : कपडे किती आणि दिवस किती?

प्रश्न : कळसूबाई, हरिश्चंद्रगड असे ट्रेक आम्ही नेहमी करतो. टांझानियातील किलिमांजारोवर दोर लावून चढावे लागत नाही, असे ऐकले. मग तेथे सात-आठ दिवस कशाला? पाच दिवसांत चढून-उतरून येता येणार नाही का? उन्हाळी आणि बर्फातले असे दोन्ही कपडे खरोखरच लागतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही लागतात, शिवाय पहिल्याच दिवशी रेनकोटही लागतो. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे. किलिमांजारोवर चढण्याच्या मचामे मार्गाचे प्रवेशद्वारच सुमारे १,८०० मीटरवर आहे आणि तेथून ५,८९५ मीटर उंचीच्या उहुरू या सर्वोच्च शिखरापर्यंत दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरत जाते. मात्र फरक केवळ थंडीचा नाही, पावसाचाही आहे. हिंदी महासागरावरून येणारे बाष्प दक्षिण उतारावरच्या जंगलातच बहुतेक रिते होते. म्हणून खाली स्थानिक चग्गा जमातीच्या शेतकऱ्यांच्या केळी-कॉफीच्या बागा, त्यांच्यावर शेवाळलेले घनदाट अरण्य, मग झुडपांचा माळ आणि चार हजार मीटरच्या वर जवळजवळ वाळवंट, असे पट्टे पडले आहेत. माथ्यावर हिमनद्या आहेत, पण १९१२ पासून त्यांचा ८० टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा झाला आहे, ही फार दुःखाची गोष्ट आहे.

याच मार्गावरच्या बरांको या मुक्कामाच्या तळाजवळची झाडे मात्र सावकाश पाहावीत. तेथील महाकाय सेनेसिओ आपली वाळलेली पाने गाळत नाही, तर खोडाभोवती तशीच राखून रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत खोडाला ऊब देतो. शेजारच्या लोबेलियाच्या पानांच्या द्रोणात साठलेल्या पाण्यावर रात्री बर्फाची साय धरते, पण आतला कोंब गोठत नाही.

आता दिवसांविषयी. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो आणि विरळ हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. रोजच्या ट्रेकिंगचा दमसास येथे पुरत नाही. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. मचामे मार्गावर दिवसा सुमारे ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून रात्री ३,९५० मीटरच्या आसपास असलेल्या बरांकोला उतरतात, ते याचसाठी. त्यामुळे स्वस्त पडतो म्हणून पाच दिवसांचा कार्यक्रम निवडू नका, असे मी आग्रहाने सांगेन. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळही टाळावा. डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर शिखर कितीही जवळ असले तरी त्याच वेळी खाली उतरावे.