नवीन आयडी न काढता इनबॉक्समधले नको ते मेल कसे कमी करायचे?

तुम्ही लिहिलंय की दिवसाला शंभर-दीडशे मेल येतात, त्यात कामाचे चार-पाच, आयडी बदलायचा नाहीये, तर सेल, ऑफर असले शब्द टाकून सगळं आपोआप डिलीट करणारा फिल्टर लावू का, आणि त्यासाठी एखादं चांगलं अ‍ॅप आहे का. अ‍ॅपचं नंतर सांगते. तो फिल्टर मात्र लावू नका. लावून झाला असेल तर आधी जाऊन काढून या आणि मग पुढचं वाचा.

सहा वर्षांपूर्वी माझाही इनबॉक्स असाच तुंबला होता, चौदा हजार न वाचलेले मेल. माझा मोठा भाऊ सॉफ्टवेअरमधला, घरात कुणाचं काही अडलं की दादाला विचारायचं अशी पद्धतच आहे. त्यानं माझा लॅपटॉप ओढून घेतला आणि पाच मिनिटांत जीमेलमध्ये फिल्टर बनवला, विषयात ऑफर, सेल, डिस्काउंट, फ्री यातला कुठलाही शब्द दिसला की मेल थेट ट्रॅशमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर फक्त अकरा नवीन मेल. मला इतकं हलकं वाटलं की मी मुद्दाम फोन करून त्याला थँक यू म्हटलं.

मी तेव्हा नोकरी शोधत होते. एका कंपनीत तीन इंटरव्ह्यू झाले होते, तिसरा तर फारच चांगला झाला होता आणि त्यांनी सांगितलं होतं की आठवड्याभरात मेल करतो. मी दिवसातून वीस वेळा इनबॉक्स रिफ्रेश करायचे. आठवडा गेला, दुसराही गेला. कंपनीचं नाव टाकून सर्च केलं तर इंटरव्ह्यूच्या वेळा ठरवलेले जुने मेल तेवढे दिसले. स्पॅम उघडून बघितला, तिथेही काही नाही. फोन करायचा तर मागे लागल्यासारखं वाटेल म्हणून करत नव्हते, शेवटी सतराव्या दिवशी केला. एचआरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला तर आम्ही मेल पाठवला होता, पाच दिवसांत कन्फर्म करा म्हणून लिहिलं होतं, तुमचं काहीच आलं नाही म्हणून दुसऱ्या कॅन्डिडेटला घेतलं." फोन ठेवून ट्रॅश उघडला. वर कर्जाची जाहिरात, खाली बुटांचा सेल, आणि मधे जाड अक्षरात, न वाचलेला, "ऑफर लेटर" आणि पुढे माझं पूर्ण नाव.

जीमेलचा साधा सर्च स्पॅम आणि ट्रॅशमध्ये बघतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तिथलंही शोधायचं असेल तर सर्चमध्ये इंग्रजीत इन, कोलन, एनीव्हेअर असं लागून टाइप करावं लागतं. आणि ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो, म्हणजे अजून दोन-तीन आठवडे मी वाट बघत बसले असते तर मेल आला होता हेसुद्धा मला डोळ्यांनी दिसलं नसतं.

दादाचं म्हणणं आजही हेच की फिल्टरनं सांगितलं ते केलं, तू अधूनमधून ट्रॅश बघायला हवा होतास. मला हे अजिबात पटत नाही. ट्रॅश रोज चाळायचा असेल तर मग इनबॉक्सच चाळलेला काय वाईट? फिल्टरनं मेल फक्त बाजूला ठेवायचा असतो. जीमेलमध्ये "स्किप द इनबॉक्स" म्हणून पर्याय आहे, त्यावर खूण करा आणि सोबत एक लेबल द्या, मेल त्या लेबलखाली पडून राहतो आणि साध्या सर्चमध्येही सापडतो. शिवाय फिल्टर शब्दांवर लावूच नका, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावा. शब्द कुणाच्याही मेलमध्ये येऊ शकतो.

दादाचा दुसरा नियम, अनसबस्क्राइब कधीही दाबायचं नाही, दाबलं की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं आणि दुप्पट मेल येतात. हे अर्धंच खरं आहे. कोण कुठला माहीतच नाही अशा माणसाच्या मेलमधली कुठलीही लिंक दाबू नका, तिथे सरळ रिपोर्ट स्पॅम करा. (ब्लॉक करण्यात फारसा अर्थ नाही, ते दर वेळी नव्या पत्त्यावरून येतात.) पण ज्या साइटवर तुम्ही स्वतः कधीतरी खातं उघडलंय, तिकीट काढलंय, काही मागवलंय, त्यांचे मेल अनसबस्क्राइब केल्यानेच थांबतात. तुमच्या शंभरातले बहुतेक याच जातीचे असणार. सर्चमध्ये इंग्रजीत अनसबस्क्राइब टाका, सगळे एका खाली एक येतील. मेल उघडला की वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेलचंच अनसबस्क्राइब दिसतं, शक्यतो तेच वापरा. रोज जेवढे येतील तेवढे उडवत गेलात तरी दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल. २०२४ पासून गूगल आणि याहूनं नियम केलाय की मोठ्या संख्येनं जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्यांनी एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्यायची आणि दोन दिवसांत नाव काढायचं. गूगलच्या हिशोबात रोज ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणारे यात येतात. दादा मला हे सांगत होता तेव्हा हा नियम नव्हता हे मान्य, पण आता आहे, आणि तो अजूनही तेच सांगतो. सांगूनही पाठवत राहिले तर स्पॅम म्हणून नोंदवा, अशा तक्रारी हजारात तीनपर्यंत जाऊ देऊ नका असं गूगलनं त्यांना बजावलंय, त्यामुळे तुमचं बटण वाया जात नाही.

नवीन साइटवर पत्ता देताना आयडीच्या मागे, अ‍ॅटच्या आधी, अधिकचं चिन्ह आणि त्या साइटचं नाव जोडा. मेल तुमच्याकडेच येतो आणि पत्ता कुणी वाटला ते कळतं. मी एका वेबिनारला असा पत्ता दिला होता आणि महिन्याभरात त्याच पत्त्यावर कर्ज देणाऱ्यांचे मेल सुरू झाले. काही साइट ते चिन्ह घेत नाहीत, तिथे इलाज नाही.

अ‍ॅपबद्दल माझं मत, नकोच. इनबॉक्स साफ करायला त्यांना तुमचे सगळे मेल वाचायची परवानगी द्यावी लागते. अनरोल डॉट मी ही सेवा लोकांना सांगायची की आम्ही तुमच्या खासगी मेलला हात लावत नाही, आणि प्रत्यक्षात मेलमधल्या खरेदीच्या पावत्या आपल्या मालक कंपनीला देत होती, त्यावरून २०१९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तिच्यावर कारवाई केली. सगळी अ‍ॅप तशीच असतात असं नाही, पण ज्या मेलबॉक्समध्ये बँकेचे मेल येतात त्याची किल्ली मी तरी कुणाला देणार नाही.

हे सगळं जीमेलचं सांगितलंय, तुमचं दुसरं असेल तर पर्यायांची नावं वेगळी असतील. आणि फिल्टर जीमेलच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये बनवता येत नाही, कॉम्प्युटरवर ब्राउजरमध्ये उघडून सेटिंग्जमध्ये जावं लागतं. तिथे गेलातच तर आधीचे फिल्टर एकेक करून बघा आणि कुठे डिलीटवर खूण असेल तर काढून टाका. मागच्या महिन्यात आईच्या खात्यात दादानं लावलेला तसलाच एक मला सापडला, मी तिला दाखवला आणि तिथल्या तिथे काढला.