‘फक्त ९९९’ आणि ‘५०% सूट’ अशा पाट्यांचा गिऱ्हाइकावर काय परिणाम होतो, यावर मेटा-अ‍ॅनालिसिस करून एमबीएचा प्रोजेक्ट होईल का? (पुणे)

होईल, पण मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे आधीच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून निष्कर्ष काढणं; त्यातून कळेल ते त्या झालेल्या प्रयोगांबद्दल, लक्ष्मी रोडवरच्या गिऱ्हाइकाबद्दल नाही. सुरुवातीला आराधना कृष्णा आणि सहकाऱ्यांचा ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’मधला २००२ चा पेपर वाचा. किंमत कशी मांडली यावरून बचत किती वाटते, हे त्यांनी याच पद्धतीने तपासलंय. बचत वाटणं आणि खरेदी करणं मात्र वेगळं, दोन्हींचे आकडे एकत्र कालवू नका. असे प्रोजेक्ट तपासताना मला हमखास सापडणारी चूक म्हणजे एकाच पेपरमधले चार प्रयोग चार स्वतंत्र अभ्यास म्हणून धरलेले असतात. संशोधक तेच, बऱ्याचदा वस्तूही तीच! त्यासाठी एकाच पेपरमधले प्रयोग एका गटातले धरणारं मल्टिलेव्हल मॉडेल वापरा, नाहीतर निष्कर्ष आहे त्यापेक्षा पक्का दिसतो. परिणाम न दिसलेले, न छापलेले प्रबंधही शोधा. गाईड कुरकुरले तरी. एक अडचण राहतेच: आपल्याकडे पाकीटबंद मालावर एमआरपी छापावीच लागते, अमेरिकेत तशी सक्ती नाही. त्यामुळे जुनी किंमत खोडून नवी दाखवण्याचे तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.