हिवाळ्यात गावाकडच्या घराची वीज चार-पाच दिवस गेली तर किती किलोवॅटचा जनरेटर घ्यावा?

तुमचं घर गावाबाहेर आहे, हिवाळ्यात वीज गेली की चार-पाच दिवस येत नाही, घरात वयस्कर माणसं आहेत, आणि तुम्ही विचारताय की जनरेटर तीन किलोवॅटचा घ्यावा की पाचचा. आकडा सांगते, पण खाली. आधी मला सांगा, तो ठेवणार कुठे? आमच्या घरात जनरेटर यायच्या आधी किलोवॅटवर भरपूर खल झाला. तो ठेवायचा कुठे, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

आमचं घर लाइनच्या शेवटच्या खांबावर. तुमचंही बहुतेक तसंच असणार. वादळानंतर दुरुस्ती सुरू होते ती मोठ्या वाहिन्या आणि उपकेंद्रांपासून, मग दवाखाने, पाणीपुरवठा, दाट वस्ती, आणि टोकाचं एकटं घर सगळ्यात शेवटी. एका दुरुस्तीत जास्तीत जास्त घरांत उजेड यावा हा त्यामागचा हिशेब, आणि तो बरोबरच आहे. पण म्हणून टोकाच्या घराने तासांचा विचार करून चालत नाही, दिवसांचा करावा लागतो. जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्युबेक आणि ऑन्टारिओ भागात गोठणारा पाऊस दिवसेंदिवस पडत राहिला, बर्फाच्या वजनाने विजेचे मनोरे आडवे झाले आणि लाखो लोक अंधारात गेले. काहींकडे वीज यायला आठवडे लागले. तयारी हवी, यावर भाऊजींचं आणि माझं कधीच दुमत नव्हतं. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. वाद त्यापुढचा आहे.

जनरेटर आणला त्या हिवाळ्यात आमच्याकडेही असाच पाऊस झाला. तारांवर बर्फ चढला, रात्री कुठेतरी खांब पडला आणि वीज गेली. भाऊजींनी नवा जनरेटर पडवीत उभा केला. बाहेर ठेवला तर भिजेल, शिवाय चोरीला जाईल, असं त्यांचं म्हणणं. पडवीचं बाहेरचं दार हातभर उघडं ठेवलं. मी म्हटलं, ‘भाऊजी, धूर आत येईल.’ ते म्हणाले, ‘अगं, दार उघडं आहे, हवा खेळतेय. तुला वास तरी येतोय का धुराचा?’ वास फारसा येत नव्हता, हे खरं. पण जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतोच. रंग नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. आणि पडवीचं आतलं दार ज्या खोलीत उघडतं, त्याच खोलीत आम्ही सगळे थंडीमुळे एकत्र बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, डोकं जड झालंय, मळमळतंय. थोड्या वेळाने पुतण्याही तेच म्हणायला लागला. रात्री उशिरापर्यंत धिंगाणा घालणारा तो पोरगा दिवेलागणीलाच पेंगत होता. सगळ्यांनी एकच निदान केलं: थंडी बाधली. माझंही डोकं धरलं होतं. पण मला एक गोष्ट खटकत होती. मी जनावरांना पाणी दाखवायला गोठ्यात जायचे तेव्हा डोकं उतरायचं, आत येऊन बसले की पुन्हा धरायचं. थंडी बाधली असती तर गारठ्यात जाऊन बरं कसं वाटलं असतं?

मी हे बोलून दाखवलं तेव्हा भाऊजींनी ऑक्सिमीटर आणलं आणि सासूबाईंच्या बोटाला लावलं. 98. पुतण्याला लावलं, तेवढंच. ‘बघ, ऑक्सिजन 98 आहे. उगाच घाबरवू नकोस माणसांना.’

या 98 बद्दल मला सगळ्यांना ओरडून सांगायचंय. ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवतं आणि हिमोग्लोबिन तो किती शोषतं त्यावरून आकडा काढतं. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन घरगुती ऑक्सिमीटरला जवळजवळ सारखंच दिसतं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे माणूस आतून गुदमरत असतो आणि बोटावरचं यंत्र सगळं ठीक असल्याचं सांगत असतं. धुराची शंका असेल तर तो आकडा बघूच नका.

मी पडवीत जाऊन जनरेटर बंद केला. घरात ओरडा झाला, अंधार झाला, भाऊजी चिडले. मी दारं-खिडक्या सताड उघडल्या, सासूबाईंना आणि पोराला पांघरुणांत गुंडाळून बाहेर आणलं. रस्ता मोकळा व्हायला वेळ लागला, त्यामुळे दवाखान्यात पोचेपर्यंत बराच उशीर झाला होता. डॉक्टरांनी ऐकल्याबरोबर मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला, रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, ‘घरात काय जळत होतं?’ दोघं बरे झाले.

रिपोर्टमधला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा फार मोठा नव्हता. आजही घरात विषय निघाला की भाऊजी तो रिपोर्ट आणि ते 98 पुढे करतात: काही विशेष नव्हतं, थंडीच होती. तर त्याचंही उत्तर लिहूनच ठेवते. साध्या हवेत रक्तातला हा वायू साधारण चार-पाच तासांत निम्मा होतो, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासात. आम्ही माणसं उघड्या हवेत काढून कितीतरी वेळाने रक्त दिलं होतं. आकडा कमी आला तो त्यामुळे.

म्हणून जनरेटरच्या आधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, बॅटरीवर चालणारा. एक झोपायच्या खोलीजवळ, एक चूल किंवा बंब असेल त्या मजल्यावर. धुराचा अलार्म वेगळा, तो हे काम करत नाही. जनरेटर घरापासून किमान 20 फूट, म्हणजे सहा मीटर लांब, धुराड्याचं तोंड घराच्या उलट बाजूला, आणि जवळची दारं-खिडक्या बंद. पावसापासून वाचवायला वर पत्र्याचं छप्पर चालेल, पण भिंती नकोत. चोरीची भीती असेल तर साखळी लावा. पडवी, तळघर, गाडीचं शेड, अर्धं दार उघडं ठेवलेली कुठलीही जागा नको म्हणजे नको. कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपायचं नाही. निखारे फुलले, धूर थांबला की लोकांना वाटतं आता सुरक्षित आहे, पण कार्बन मोनॉक्साइड तेव्हाही भरपूर निघत असतो. फोन चार्ज करायला गाडी चालू ठेवणार असाल तर उघड्यावर, आणि आधी सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही हे बघून.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावरून आमचं आजही पटत नाही. भाऊजींच्या मते तयारी म्हणजे यंत्र: मोठा जनरेटर आणा, सगळं घर नेहमीसारखं चालू ठेवा. माझ्या मते ज्या घराला चार दिवस विजेशिवाय काढता येत नाहीत त्या घराची तयारीच झालेली नाही. यंत्र बिघडतं, इंधन संपतं, थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, सहा महिने टाकीत पडलेल्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चिकटून बसतो. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत वीज गेली. राज्य सरकारने 246 मृत्यू मोजले, आणि त्यातले सर्वाधिक थंडीने झाले. ऊब राखणं हेच पहिलं काम.

आणि ऊब सगळ्या घराला द्यायची नाही. एक खोली निवडा. लहान, ठेंगणी, कमी खिडक्यांची, शक्यतो दिवसा ऊन येणारी. खिडक्यांना जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या, दाराच्या फटीला गुंडाळलेलं कापड, आणि सगळ्यांनी तिथेच झोपायचं. शांत बसलेला माणूसही साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो, पाच जणांत ती जाणवण्याइतकी होते. त्या खोलीत धुराडं असलेली लाकडाची बंबशेगडी असेल तर उत्तम. लाकूड फोडून, वरून झाकून, बाजूंनी हवा लागेल असं रचून वर्षभर वाळवलेलं हवं. ओलं लाकूड ऊब कमी देतं आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचवतं, तो पेटला की घर जातं. धुराडं थंडीच्या आधी झाडून घ्या. राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत, घराबाहेर. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दिवसदिवस जिवंत राहतो.

‘आमचं तापवणं गॅसवर आहे, आम्हाला विजेची काय गरज’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा घराचा मेन स्विच बंद करून बघावं. बॉयलरचा पंप, पंखा, ठिणगी सगळं विजेवर असतं. लाकडी गोळ्यांच्या शेगडीतही गोळ्या पुढे ढकलणारी मोटर असते. ही चाचणी चांगल्या हवेतल्या दिवशी करा, वादळात नको. गॅस बाहेर ठेवत असाल तर तो प्रोपेन आहे की ब्युटेन ते बघा. ब्युटेनची शून्य अंशाच्या आसपासच वाफ होणं थांबतं, प्रोपेन उणे 42 पर्यंत चालतो.

पाण्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. विहिरीवर किंवा बोअरवर मोटर असेल तर वीज गेली की पाणीही गेलं. वादळाचा इशारा मिळाला की भांडी भरून ठेवा, पिण्याचं वेगळं, संडासाचं वेगळं. घर गोठणबिंदूच्या खाली जाणार असं दिसलं तर नळाची मेन चावी बंद करून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडा आणि पाइप रिकामे करा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. अडकलेला बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी कोंडतं त्याच्या दाबाने पाइप फुटतो, आणि फुटलाय हे कळतं वीज परत आल्यावर, घरभर पाणी झाल्यावर.

इन्सुलिन घेणारं कुणी घरात असेल तर ते खिडकीबाहेर ठेवू नका. फ्रिज बंद पडला म्हणून लोक थंडीत बाहेर ठेवतात आणि ते गोठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. उबदार खोलीच्या थंड कोपऱ्यात, कापडात गुंडाळून ठेवलेलं बरं.

आता तुमचा आकडा. खोली लाकडावर किंवा गॅसवर गरम होणार असेल तर दोन-तीन किलोवॅट बहुतेक घरांना पुरतात: दिवे, फोन, फ्रिज, बॉयलरचा पंप. अडचण विहिरीच्या मोटरची. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट, पण सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट मागते, म्हणून मोटर चालवायची असेल तर पाच लागेल. पाचचा जनरेटर अर्ध्या भारावरही तासाला ढोबळमानाने दीड-दोन लिटर पेट्रोल पितो. दिवसरात्र चालवला तर रोज चाळीसेक लिटर. चार दिवसांचं पेट्रोल तुम्ही घरात कुठे ठेवणार? त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालवा, त्यातच पाणी चढवा, बॅटरी भरून घ्या, आणि बाकीचा वेळ इन्व्हर्टरवर काढा. 12 व्होल्ट 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीतून निम्मी वीज वापरायची म्हटलं तर 900 वॉट-अवर मिळतात. दिव्यांना भरपूर, हीटरला अर्धा तास. म्हणून त्यावर हीटर लावायचा नाही. बॅटरी गारठ्यात रिकामी सोडू नका, उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी शून्याखाली काही अंशांवरच गोठते. लिथियमची असेल तर शून्याखाली चार्ज करू नका.

जोडणी इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, बसवूनच करा. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालवण्याचा उद्योग आमच्याकडेही झाला होता, मी ती वायर कापून टाकली. तशी वीज तुमच्या घरातून उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करतो, आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो.

एक अपवाद आधीच सांगायला हवा होता. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) किंवा तशा कुठल्या यंत्रावर माणूस असेल तर विजेशिवाय चार दिवस काढण्याबद्दल मी वर जे म्हटलं ते तुम्हाला लागू नाही. तुम्हाला जनरेटरही हवा, बॅटरीही हवी आणि भरलेलं ऑक्सिजन सिलिंडरही हवं, आणि वीज लांबली तर कुठे हलवायचं ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरलेलं हवं. पेट्रोल किती साठवता येतं याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, तेही बघून घ्या. अलार्मच्या मागे मुदतीची तारीख छापलेली असते. आमच्या अलार्मची तारीख भरत आली तेव्हा नवा भाऊजींनीच आणला, आणि तरीही ती थंडीच होती असं ते म्हणतात.