देखभालीसाठी नातेवाईक पैसे पाठवतात, मग दिव्यांग भावाची निराधारची पेन्शन बंद होते का?

तुम्ही विचारलंय की ८० टक्के दिव्यांग भावाला संजय गांधी निराधारचे पैसे चालू आहेत, आता पुण्याचे मामा त्याच्या देखभालीसाठी दरमहा ५ हजार त्याच्याच खात्यावर टाकणार, तर पेन्शन जाईल का. जाऊ शकते. आमची गेली होती, म्हणून रात्री साडेअकराला हे टाइप करत बसलेय.

दिव्यांगांसाठी मर्यादा आहे घराच्या वर्षाच्या उत्पन्नाची, ५० हजार. बाकीच्या निराधारांना तर २१ हजार, म्हणजे थट्टाच. मामांचे ५ हजार बारा महिन्यांचे झाले ६० हजार, कोणी तो आकडा उत्पन्नात धरला तर विषय संपला, शेतातलं एक बोंडही न मोजता.

आमच्याकडे काय झालं ते ऐका. माझा धाकटा भाऊ विहिरीच्या कामावर पडला, तेव्हापासून कमरेखाली काही नाही. मी माहेरीच असते, का ते विचारू नका. मोठा भाऊ, आण्णा, सुरतला उधन्याला लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, आपल्या खान्देशातली अर्धी गावं तिकडंच आहेत तसा तोही. धाकट्याला उचलून अंघोळ घालणं, खुर्चीत बसवणं हे माझ्या आणि आईच्या पाठीला झेपेना म्हणून रोज सकाळी गावातला एक माणूस लावला. त्याचा पगार, डायपर, जखमेची मलमपट्टी मिळून आण्णाने महिन्याला ४ हजार द्यायचं कबूल केलं. मी म्हटलं त्या माणसालाच परस्पर देत जा. नाही! धाकट्याच्याच खात्यावर टाकणार, का तर म्हणे हिशोब दिसतो. म्हणजे काय ते मला कळलं. बहीण पैसे खाते असं वहिनीने कानात भरवलं होतं आणि ते आजपर्यंत कोणी तोंडाने बोललेलं नाही.

२०१९ ला पेन्शन नुकतीच ६०० ची १००० झाली होती. त्याच वर्षी चौकशी लागली, उत्पन्नाचा दाखला नवा आणा, पासबुक दाखवा. पासबुकात दर महिन्याला ४ हजार जमा. समोरच्याने बोट ठेवून विचारलं, हा पगार आहे का? मी म्हटलं हो साहेब, पगारच आहे, पण अंघोळ घालणाऱ्याचा. तो म्हणाला, पैसे येतात ना घरात, मग निराधार कसे? रेशनकार्ड बघितलं तर त्यावर आण्णाचंही नाव तसंच, कमी केलेलंच नव्हतं. दोन महिन्यांनी पेन्शन बंद. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणते, "मन्हा आंडोर देस ना पैसा, मंग कसाले जास तठे?" (माझा मुलगा देतो ना पैसे, मग कशाला जातेस तिथे?) आण्णा फोनवर म्हणाला हजार रुपड्यांसाठी खेटे कशाला मारते, मी आहे ना.

मार्च २०२० मध्ये लूम बंद पडले. आण्णाचे ४ हजार बंद, पेन्शन तर आधीच बंद. तो माणूसही यायचा बंद झाला, गावाबाहेरून-आतून कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं. चार महिने मी आणि आईने त्याला चादरीवर ओढत अंघोळ घातली, त्याला पाठीवर जखम झाली ती भरायला वर्ष गेलं. बंद पडलेली पेन्शन आपोआप चालू होत नाही हे तेव्हा कळलं. आण्णाचं नाव रेशनकार्डातून कमी करून, पुन्हा तलाठ्याचा अहवाल, पुन्हा दाखला, पुन्हा सेतूत अर्ज, पुन्हा समितीची बैठक होईपर्यंत वाट. २०२१ ला चालू झाली, तीही मीच चालू केली, 'मी आहे ना' वाल्याने नाही.

माझं स्पष्ट मत, देखभालीचा पैसा हे दिव्यांगाचं उत्पन्नच नाही, तो त्याच्या हातात थांबत पण नाही. कायद्यातही तसंच दिसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये पेन्शन वेगळी, तिला उत्पन्नाची अट लिहिलीय, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता वेगळा लिहिलाय, तिथे ती अट नाही. अर्थात वरती सरकारच्या ऐपतीप्रमाणे असंही लिहून ठेवलंय, त्यामुळे भत्त्याची वाट बघून डोळे दुखले. पण खिडकीवर कलम २४ वाचून दाखवलं तर काय उत्तर मिळतं ते मला विचारा.

म्हणून मामांना सांगा, पैसे भावाच्या खात्यात नकोत, जो माणूस काम करतो त्याच्या खात्यात थेट टाका. हे लपवणं नाही, विचारलं तर सरळ सांगायचं की मामा सेवेचा पगार देतात. मामांना हिशोब हवा असेल तर त्या माणसालाच फोन करावा. आणि पेन्शन सोडू नका, कोणी कितीही 'आम्ही आहोत ना' म्हटलं तरी. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झालेत, वर्षाचे ३० हजार, आता ते हजार रुपडे राहिले नाहीत.

हां, एक राहिलं. तुमच्या स्वतःच्या खात्यावर घ्यायचा विचार असेल आणि तुम्ही भावाच्याच रेशनकार्डात असाल तर फार फरक पडणार नाही, घराचं उत्पन्न म्हणून तेच मोजू शकतात. ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के निधीतून आम्हाला हवेची गादी मिळाली, ती मात्र कोणी उत्पन्नात धरली नाही, तेव्हा तो अर्ज जरूर करा. दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरू नका, आणि खात्याला आधार लिंक आहे का बघा, पैसे आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात. आणि माझा अनुभव एका तालुक्याचा आहे, तुमच्याकडचा तलाठी शहाणा असू शकतो.

आण्णा आता त्या माणसाला थेट फोनपे करतो. तरी दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी आला की जेवण झाल्यावर विचारतोच, खर्चाची वही आहे का गं. वही आहे. दाखवत नाही मी.