नाक चोंदल्यावर मेंथॉल तेलाचे थेंब नाकात टाकावेत का? किती टाकावेत, आणि लहान मुलांना चालतं का?

नाकात टाकू नका. त्यामुळे किती थेंब हा प्रश्नच उरत नाही. लहान मुलांबद्दल विचारलंत म्हणून मात्र सविस्तर लिहितेय, कारण यावरून आमच्या घरात मोठा वाद झालाय आणि तो अजून मिटलेला नाही.

माझे थोरले दीर मेंथॉल तेलाची बाटली कायम खिशात ठेवतात. माझी मुलगी तान्ही असताना एकदा तिचं नाक गच्च झालं. दूध ओढायला लागली की दम कोंडायचा, मग सोडून रडायची. भाऊजी बोटावर तेल घेऊन तिच्या नाकाशी आले आणि मी त्यांचा हात धरला. "आमची पोरं यावरच वाढली. तू डॉक्टर कधी झालीस?" सगळ्यांसमोर ऐकून घेतलं, पण हात सोडला नाही. आजही सोडणार नाही. इतक्या लहान बाळाच्या नाकाशी मेंथॉल गेलं तर स्वरयंत्र एकदम आवळून श्वास थांबू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाका-तोंडाजवळ मेंथॉल नको, कापूरही नको. तिला मी सलाइनचे थेंब घातले, शेंबूड सैल झाल्यावर पंपाने ओढून काढला, आणि ती दूध प्यायली.

भाऊजींचं म्हणणं एकच: "माझं नाक उघडतं ते मला कळतं ना!" पुढे त्यांना सर्दी झाली तेव्हा मी त्यांच्या नाकाखाली छोटा आरसा आडवा धरला. तोंड मिटून श्वास सोडायला सांगितलं. उजवीकडे वाफेचा चांगला मोठा डाग उमटला, डावीकडे जेमतेम नखाएवढा. मग त्यांनी तेल हुंगलं, "आहाहा, मोकळं झालं" म्हणाले. आरसा पुसून पुन्हा धरला. डावीकडे तेवढाच, नखाएवढा डाग. "आरशाला काय कळतंय," म्हणाले आणि उठून गेले.

कळतंय ते आरशालाच. नाक चोंदतं ते फक्त शेंबडाने नाही. आतल्या रक्तवाहिन्या फुगून अस्तर सुजतं आणि वाट अरुंद होते. मेंथॉल त्या सुजेला हातही लावत नाही. थंडी ओळखणारे जे ग्राहक (रिसेप्टर) मज्जातंतूंवर असतात त्यांना ते चेतवतं, आणि मेंदूला वाटतं की गार हवा भरपूर आत येतेय. टीआरपीएम८ नावाचा हा ग्राहक २००२ मध्ये मेंथॉल वापरूनच ओळखला गेला, आणि तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, ब्रिटनमधल्या कार्डिफचे संशोधक रोनाल्ड एकल्स यांनी नाकातला हवेचा अडथळा मोजून दाखवलं होतं की मेंथॉलने तो कमी होत नाही, फक्त मोकळं वाटतं. "पण थोड्या वेळाने खरंच उघडतं" असं भाऊजी म्हणतात. उघडत असेलही. दर काही तासांनी एक नाकपुडी आपोआप मोकळी होते आणि दुसरी भरते, तेल असो वा नसो.

मोठ्यांनी हुंगूच नये असं माझं म्हणणं नाही. नुसतं मोकळं वाटून झोप लागत असेल तर तीही मोठी गोष्ट आहे. रुमालावर एखादा थेंब टाकून लांबून हुंगा. दमा असेल तर तेही डॉक्टरांना विचारून. तेल थेट नाकात गेलं तर अस्तर भाजल्यासारखं जळजळतं, आणि तेलकट थेंब रोज आत ओढले गेले तर फुप्फुसात उतरून त्रास देतात. वाफाऱ्याच्या पाण्यातही तेल घालू नका, डोळे चुरचुरतात. मुलांना तर उकळत्या पाण्याच्या भांड्याजवळ बसवूच नका.

नाक खरंच उघडायचं असेल तर मिठाच्या पाण्याने धुवा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ. नळाचं पाणी तसंच वापरायचं नाही. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब सूज उतरवतात, पण तीन ते पाच दिवसांच्या वर घेतले तर बंद केल्यावर नाक आणखी चोंदतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर आत मणी-बिणी अडकलेला असू शकतो. तिथे घरचे उपाय करत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.