चारांपैकी एकच तांबे काढता येते का?

प्रश्न : लॅकेज या विकरात (एन्झाइममध्ये) तांब्याचे चार आयन असतात. त्यांपैकी नेमका एकच काढणे शक्य आहे का?

उत्तर : होय. जपानी लाखवृक्षाच्या चिकातील लॅकेजमध्ये चार आयन तीन प्रकारांत विभागलेले असतात : पहिल्या प्रकारचा एक, दुसऱ्याचा एक आणि तिसऱ्याची जोडी. पहिल्याला प्रथिनातील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाने घट्ट धरलेले असते; दुसऱ्याला मात्र केवळ दोन हिस्टिडिन (हेही अमिनो आम्लच) आणि पाण्याचा आधार असतो, त्यामुळे तोच सर्वांत आधी सुटतो. त्यासाठी हवाबंद स्थितीत, फेरोसायनाइडसारख्या सौम्य अपचायकाच्या (इलेक्ट्रॉन देणाऱ्या रसायनाच्या) सोबतीने, डायमिथिलग्लायॉक्झाइमच्या आम्लधर्मी द्रावणात विकराचे डायलिसिस (लहान कणच आरपार जाऊ देणाऱ्या पडद्यातून गाळणे) करतात. निकेलच्या परीक्षेत गुलाबी-लाल साका देणारे, महाविद्यालयात आपण सर्वांनी हाताळलेले, तेच हे रसायन!

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे निरीक्षण. आयन गेल्यावरही द्रावण निळेच दिसते, कारण सुमारे ६०० नॅनोमीटरजवळचे प्रकाशशोषण पहिल्या प्रकारच्या तांब्याचे असते. पण विकराचे काम जवळजवळ थांबते. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. तांब्याचे एकूण प्रमाण मोजावे आणि ईपीआर (अयुग्मित इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात टिपणारे तंत्र) वर्णपटातील दुसऱ्या प्रकारचा संकेत नाहीसा झाल्याची खात्री करावी. पुन्हा तांबे दिल्यावर क्रियाशीलता परतते का, हेही अवश्य पाहावे. ती परतली नाही, तर आयन काढताना प्रथिनाचीच घडी विस्कटली असण्याची शंका उरते.