वर्गणी भरली नाही, म्हणून आग विझवायची नाही?

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत, टेनेसी राज्यात शहराबाहेर घर बघताहेत. तिकडे अग्निशमन दलाची वर्षाला वर्गणी असते आणि ती न भरणाऱ्याचं घर एकदा जळू दिलं होतं, असं ऐकलं. खरं आहे का? घर घेताना काय पाहावं?

उत्तर : खरं आहे. सप्टेंबर २०१० मध्ये टेनेसीतल्या ओबायन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हे घडलं. शहराबाहेरच्या घरांसाठी काउंटीचं स्वतःचं दल नव्हतं. जवळच्या साउथ फुल्टन शहराचं दल वर्षाला ७५ डॉलर भरणाऱ्यांकडेच जाई. एका कुटुंबाची वर्गणी राहिली होती. कचरा जाळताना आग पसरली. लागतील तेवढे पैसे देतो म्हटलं, तरी गाडी आली नाही. आग शेजाऱ्याच्या शेताकडे सरकली तेव्हा आली, कारण त्याने वर्गणी भरली होती. जवानांनी त्याची हद्द वाचवली, घर जळू दिलं. आत तीन कुत्री आणि एक मांजर होतं.

शहराचं म्हणणं असं, की आयत्या वेळी ७५ डॉलर घेतले तर आधी कोण भरेल? गाडी, पोशाख, श्वसनसंच, प्रशिक्षण हा खर्च आग लागो न लागो चालूच राहतो. हे बरोबर आहे. पण त्यासाठी घर जळू द्यायची गरज नाही. आयत्या वेळचं शुल्क जबर ठेवलं की पुरतं. २०१२ मध्ये त्याच शहराने तेच केलं : न भरणाऱ्यांकडेही जायचं, पण एका खेपेचे ३,५०० डॉलर लावायचे. ४६ वर्षांच्या वर्गणीहून जास्त!

थांबून राहण्याचा तोटा पैसे भरलेल्या शेजाऱ्यालाही होतो. फोमचे सोफे असलेली खोली तीन ते पाच मिनिटांत पूर्ण पेटू शकते. बंबात ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर पाणी असेल आणि एक होज (पाण्याचा पाइप) मिनिटाला साडेपाचशे लिटर फेकत असेल, तर ते साडेतीन मिनिटांत संपतं. खोलीतली आग तेवढ्यात आटोक्यात येऊ शकते, छतापर्यंत पोहोचलेली नाही. शिवाय माणूस अडकला असेल तरच जाऊ, हा नियमही फसवा. आत कोणी आहे का, हे फोनवरून कसं ठरवणार? आमच्या मते आधी विझवावं, मग बिल पाठवावं. त्याहून चांगलं म्हणजे हा खर्च मालमत्ता करातच घ्यावा.

आता घराचं. एजंटच्या शब्दावर न जाता काउंटी कार्यालयात पत्ता सांगून विचारा : कोणतं दल येतं, पैसे करात आहेत की वेगळी वर्गणी? गृहकर्जाच्या हप्त्यातून कर आणि विमा बहुधा परस्पर भरला जातो, ही वर्गणी सहसा नाही. म्हणूनच ती राहून जाते. केंद्र रस्त्याने ५ मैलांच्या आत आणि हायड्रंट (बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ) १,००० फुटांच्या आत आहे का, हेही बघा, विम्याचा हप्ता त्यावर बराच हलतो. पॉलिसीत अग्निशमन सेवा शुल्काचं कलम, म्हणजे दलाच्या बिलातलं विमा किती भरेल ते, शोधा. अनेक पॉलिसींत त्याची मर्यादा ५०० डॉलरच असते, म्हणजे ३,५०० च्या बिलातले ३,००० खिशातून जातील. ती वाढवून मिळते का, विचारा. आधीच्या मालकाने वर्गणी भरली असली, तरी ती आपल्या नावावर आली असं धरू नका. ताबा घ्याल त्याच दिवशी भरा आणि पावती विम्याच्या कागदांसोबत ठेवा.